७३.८ म्हणजे नेमके किती? समान अंतराच्या ग्रिडमधील राउंडिंगच्या चुकीविषयी

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील काही द्राक्ष बागायतदारांसाठी आम्ही तिघे-चौघे नाशिकमध्ये बसून गावनिहाय पावसाचे तक्ते तयार करतो. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची ऑक्टोबरमधील छाटणी) कोणत्या गावावर किती पाऊस पडला हे डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारणीचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना हवे असते, आणि प्रत्येक गावात पर्जन्यमापक नसल्यामुळे आम्ही ग्रिड स्वरूपातील, म्हणजे नकाशावर सारखे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला दिलेल्या आकड्यांवर काम करतो. सध्या आमच्याकडे दोन ठिकाणांहून मिळवलेल्या दोन फाइली आहेत. दोन्हींत ६६.५ ते १०० पूर्व रेखांश आणि ६.५ ते ३८.५ उत्तर अक्षांश हा पट्टा ०.१ अंशाच्या अंतराने भरलेला आहे, म्हणजे ३३६ स्तंभ आणि ३२१ ओळी. रेखांश चौकोनाच्या पश्चिम कडेचा दिलेला आहे आणि अक्षांश दक्षिण कडेचा.

गेल्या आठवड्यात दोन्हींतील फरक पाहावा म्हणून एका फाइलमधून दुसरी वजा केली. प्रोग्रॅमने कसलीही तक्रार केली नाही आणि उत्तर निमूटपणे दिले, पण त्या उत्तरात फक्त ६८ स्तंभ आणि ६५ ओळी होत्या. बाकीचे कोठे गेले हे शोधताना मी रेखांश छापून पाहिले, तर दोन्हींकडे ७३.७, ७३.८, ७३.९ असेच दिसत होते. मग जास्त दशांश स्थळे मागितली, तेव्हा पहिल्या फाइलने ७३.६९९९९६९५, ७३.८००००३०५ आणि ७३.९००००१५३ असे दाखवले. म्हणजे पहिले अंतर ०.१००००६१० आणि त्याच्या लगतचे ०.०९९९९८४७. समान अंतराची म्हणून घेतलेली फाइल अशी असमान कशी?

दुसरी अडचण अशी की, आमच्या यादीत एका गावाचे रेखांश ७३.८ आहे. माझ्या संगणकावर हे गाव ७२ क्रमांकाच्या चौकोनात पडते आणि सहकाऱ्याच्या संगणकावर ७३ क्रमांकाच्या (क्रमांक शून्यापासून मोजले आहेत). सूत्र दोघांचे एकच आहे: रेखांशातून ६६.५ वजा करायचे, ०.१ ने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. फाइल बिघडलेली आहे का, आणि आमच्या दोघांपैकी बरोबर कोण, हे जाणकारांनी सांगावे.


बिनचूक

फाइल बिघडलेली नाही. आपण दिलेल्या आकड्यांवरून पहिल्या फाइलमधील रेखांश बत्तीस बिटी (प्रत्येक संख्या ० किंवा १ च्या ३२ स्थानांत साठवलेली) आहेत हे स्पष्ट होते, आणि बत्तीस बिटी संख्येला ७३.८ लिहिताच येत नाही.

अशा संख्येत अंकांसाठी २४ द्विमान स्थाने (प्रत्येकात फक्त ० किंवा १) असतात. ६४ आणि १२८ यांच्यामधील कोणत्याही संख्येचा पूर्णांकाचा भाग लिहिण्यात त्यांतील ७ खर्च होतात, त्यामुळे अपूर्णांकासाठी १७ उरतात. म्हणजे आपल्याकडच्या रेखांशांसाठी संगणकाजवळचे सर्वांत लहान माप एका अंशाचा १,३१,०७२ वा भाग आहे. त्याला सोयीसाठी ‘कण’ म्हणू. आता ०.१ अंशात असे कण किती बसतात हे पाहिले तर उत्तर १३,१०७.२ येते, आणि कणाचे तुकडे करता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक रेखांश आपापल्या जवळच्या कणावर जाऊन बसतो, आणि दोन शेजाऱ्यांमधील अंतर कधी १३,१०७ कण तर कधी १३,१०८ कण भरते. पाच अंतरांपैकी चार पहिल्या प्रकारची आणि एक दुसऱ्या प्रकारचे. आपण छापलेले ०.०९९९९८४७ म्हणजे १३,१०७ कण आणि ०.१००००६१० म्हणजे १३,१०८ कण. नाशिकच्या अक्षांशावर हा एक कण जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटर भरतो आणि चूक फार तर त्याच्या निम्मी असते. दहा किलोमीटर रुंदीच्या चौकोनात हातभर चुकीने काहीही बिघडत नाही. बिघडते ते ‘हा आकडा त्या आकड्याच्या तंतोतंत बरोबर आहे का’ असे आपण विचारतो तेव्हा.

आपले ६८ स्तंभ हीच या प्रकरणातील सर्वांत बोलकी खूण आहे. उरलेले सगळे रेखांश .० किंवा .५ वर संपणारे आहेत का, हे कृपया पाहावे.


गोदाकाठ

पाहिले. ६६.५, ६७, ६७.५ असे थेट १०० पर्यंत. ओळींचेही तसेच आहे.


बिनचूक

मग निदान पक्के झाले. दुसरी फाइल चौसष्ट बिटी आहे. वजाबाकी करण्यापूर्वी प्रोग्रॅम दोन्हींकडे समान असलेले रेखांश शोधतो आणि जे जुळत नाहीत ते गाळून टाकतो. ०.१ च्या पाढ्यातील संख्यांपैकी द्विमान पद्धतीत तंतोतंत लिहिता येतात त्या फक्त पूर्ण आणि अर्ध्या, म्हणून तेवढ्याच दोन्ही फाइलींत एकसारख्या निघतात. ६६.५ पासून १०० पर्यंत अशा ६८ संख्या आहेत आणि ६.५ पासून ३८.५ पर्यंत ६५. एक्सअ‍ॅरे (पायथन भाषेत ग्रिडची गणिते करणारा प्रोग्रॅम-संच) वापरत असाल तर गणितापूर्वीची जुळणी ‘एक्झॅक्ट’ या पर्यायावर ठेवावी, म्हणजे ओळी-स्तंभ गुपचूप गाळण्याऐवजी तो प्रोग्रॅम चूक दाखवून थांबेल. मूळचा पर्याय तसा नाही, आणि माझ्या मते तो नसणे धोक्याचे आहे.


शिवारफेरी

मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारते. पहिली फाइल चौसष्ट बिटी करून घेतली की सगळे प्रश्न मिटणार नाहीत का?


बिनचूक

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. बत्तीस बिटी ७३.८ चे मूल्य ७३.८००००३०५१७५७८१२५ आहे. ते चौसष्ट बिटी जागेत नेले तर तेच मूल्य जास्त जागा अडवून बसते, कारण जे अंक आधीच गळून गेले ते मोठ्या भांड्यात ओतल्याने परत येत नाहीत. शिवाय चौसष्ट बिटी संख्येलाही ७३.८ लिहिता येत नाही. तिच्यातील चूक अतिशय लहान असते इतकेच, पण ती असतेच, आणि धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

चौसष्ट बिटी ७३.८ खऱ्या ७३.८ पेक्षा किंचित कमी आहे. त्यातून ६६.५ वजा केल्यावर ७.२९९९९९९९९९९९९९७ उरतात. ०.१ ने भागल्यावर ७२.९९९९९९९९९९९९९७ येतात आणि अपूर्णांक सोडला की राहतात ७२. बत्तीस बिटी ७३.८ मात्र खऱ्यापेक्षा किंचित जास्त आहे, म्हणून तोच हिशेब ७३ च्या पलीकडे जातो आणि अपूर्णांक सोडल्यावर ७३ मिळतात. एका संगणकावर गावाचे रेखांश चौसष्ट बिटी वाचले गेले असणार आणि दुसऱ्यावर बत्तीस बिटी. गंमत अशी की ज्याची अचूकता जास्त, त्याचेच उत्तर येथे चुकले.


जुना हिशेबनीस

संगणकातले मला फारसे कळत नाही, पण धागा वाचून एक आठवण झाली आणि ती विषयाला सोडून नाही, असे वाटते. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली तेव्हा मी दुसरीत होतो आणि रविवार कारंजाजवळ वडिलांचे छोटे दुकान होते. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे असत, म्हणजे अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा असे सगळे निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारे. नव्या हिशेबात रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाव नव्या पैशाचे नाणे नव्हते, म्हणून सरकारी तक्त्यात १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ असे ठरवून दिले होते.

आता एखाद्या गिऱ्हाइकाने एक आण्याची वस्तू चार वेळा येऊन चार वेळा नेली, तर गल्ल्यात २४ नवे पैसे पडत. तेच गिऱ्हाईक चारही वस्तू एकदम नेई तेव्हा २५ पडत. वडील म्हणत, बेरीज आण्यांत करा आणि बदल शेवटी एकदाच करा. आपला संगणक मला त्या जुन्या दुकानासारखा वाटतो, फक्त उलट बाजूने: तो आण्यांत मोजतो आणि आपण त्याला दहा पैशांची वस्तू मागतो.


बिनचूक

आपला दाखला सोळा आणे लागू आहे, आणि वडिलांचा तो नियम ग्रिड तयार करणाऱ्या प्रत्येकाने पाळायला हवा. चार वेळा वेगवेगळे घेण्याची चूक आजही सर्रास होते: आधीच्या रेखांशात ०.१ मिळवून पुढचा रेखांश काढायचा, त्यात पुन्हा ०.१ मिळवायचे. वर सांगितलेल्या कणांच्या भाषेत हे कसे घडते ते पाहा. ६६.५ हे पूर्ण कणांवर बसते. त्यात १३,१०७.२ कण मिळवले की बत्तीस बिटी संगणक १३,१०७ ठेवतो आणि ०.२ टाकून देतो. पुढच्या पायरीलाही नेमके तेच होते. चूक कधी वर तर कधी खाली जाऊन एकमेकींना फेडते, ही आपली सर्वसाधारण समजूत येथे लागू पडत नाही, कारण प्रत्येक पायरीला चूक एकाच दिशेने होते. ३३५ पायऱ्यांनंतर १०० च्या जागी ६७ कण कमी, म्हणजे सुमारे ९९.९९९४९ मिळते. आपल्या अक्षांशावर हे सुमारे ५३ मीटर झाले.

अंतर ०.०५ अंश ठेवले तर गोष्ट उलट होते. त्यात ६,५५३.६ कण येतात, संगणक प्रत्येक वेळी ६,५५४ ठेवतो, आणि पट्टा पूर्वेकडे सरकत जातो. तेवढ्याच अंतरासाठी ६७० पायऱ्या लागतात, २६८ कण जास्त होतात, आणि शेवटचा स्तंभ सुमारे २१४ मीटर पुढे जाऊन बसतो. ०.२५ अंशाचा ग्रिड मात्र निर्धास्त असतो, कारण पाव ही निम्म्याची निम्मी आहे. भारतीय हवामान विभागाचा १९०१ पासूनचा दैनिक पावसाचा ग्रिड ०.२५ अंशाचा, १३५ स्तंभ आणि १२९ ओळींचा आहे. त्यावर अनेक वर्षे काम केलेल्यांना हा त्रास कधी जाणवत नाही, आणि तीच मंडळी ०.१ अंशाची फाइल हाती आल्यावर गोंधळतात.


शिवारफेरी

आता एक कोडे सुटले. नमपाय या पायथनमधील गणिती प्रोग्रॅम-संचाच्या ‘अरेंज’ला १ पासून १.३ पर्यंत ०.१ च्या अंतराने संख्या मागितल्या, तर शेवटची संख्या वगळायची असूनही त्याने १.३ धरून चार संख्या दिल्या होत्या. मी माझीच चूक समजून गप्प बसले होते.


बिनचूक

चूक आपली नव्हती. किती संख्या लागतील हे ‘अरेंज’ भागाकारावरून ठरवते, आणि तो भागाकार ३ च्या किंचित वर गेला की चौथी संख्या येते. ‘लिनस्पेस’ला पहिली संख्या, शेवटची संख्या आणि एकूण किती हव्यात हे सांगावे लागते, म्हणून ते अशी दगाबाजी करत नाही.


कोरडवाहू

विषय रंजक आहे, पण एवढा ऊहापोह आवश्यक आहे का? पावसाच्या आकड्यातच वीस-तीस टक्के इकडे-तिकडे होत असताना मीटरभराच्या चुकीसाठी जिवाचे रान करण्यात काय हशील? चार दशांश स्थळांवर आणून सोडून द्यावे.


गोदाकाठ

मीटरभराची चूक असती तर मीही सोडून दिली असती. पण ७२ आणि ७३ क्रमांकाच्या चौकोनांत दहा किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि आपल्या जिल्ह्यात पूर्व-पश्चिम दहा किलोमीटर ही लहान गोष्ट नाही. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि नाशिक शहरात सातशेच्या आसपास. दिंडोरीकडून पेठच्या बाजूला सरकावे तसा पाऊस वाढत जातो. चुकून पश्चिमेचा चौकोन घेतला तर बागायतदाराला त्याच्या बागेवर न पडलेला पाऊस दाखवला जातो, आणि तो विनाकारण एक फवारणी जास्त करतो.


बिनचूक

कोरडवाहू यांच्या म्हणण्यातील एक भाग मला मान्य आहे: जुळवण्यापूर्वी दोन्हींकडचे रेखांश आधी चौसष्ट बिटी करून मग चार दशांश स्थळांवर आणणे हा ०.१ अंशाच्या ग्रिडसाठी चांगला उपाय आहे. पण ‘जवळपास सारखे’ ठरवण्याची मुभा किती ठेवायची हे ग्रिडच्या अंतरावरून ठरवले पाहिजे, सवयीने नव्हे. नमपायची ‘इजक्लोज’ ही तपासणी कोणतीही मर्यादा न सांगता वापरली तर ती मूल्याच्या एक लाखांशाइतका फरक चालवून घेते. ७३.८ साठी ही मुभा ०.०००७४ अंश होते. ०.१ अंशाच्या ग्रिडला ती उत्तम आहे. पण उंचीच्या ज्या ग्रिडमध्ये दोन बिंदूंतील अंतर एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग असतो, तेथे हीच मुभा अडीच चौकोनांहून मोठी आहे, आणि शेजारचे चौकोनही ‘सारखेच’ ठरतात. उलट कोणी फार काटेकोरपणे अंशाच्या एक कोट्यांशाची मुभा ठेवली, तर ती बत्तीस बिटी कणापेक्षाही लहान असल्यामुळे पूर्ण आणि अर्ध्या रेखांशांखेरीज काहीच जुळत नाही. मी ग्रिडच्या अंतराचा एक शतांश धरतो.


तारखांचा घोळ

रेखांशांवर चर्चा चालू असताना वेळेकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून लिहितो. काळ हाही समान अंतराचा अक्षच आहे. ‘१ जानेवारी १९०० पासूनचे दिवस’ अशा रूपात वेळ बत्तीस बिटी साठवलेली एक फाइल मी पाहिली होती. १ जानेवारी २०२४ हा त्या मोजणीत ४५,२९० वा दिवस येतो, आणि एवढ्या मोठ्या संख्येजवळ बत्तीस बिटी कण एका दिवसाचा २५६ वा भाग, म्हणजे ५ मिनिटे ३७.५ सेकंदांचा असतो. तासात असे १०.६७ कण येतात. परिणामी १ वाजताची नोंद १ वाजून १ मिनिट ५२.५ सेकंदांवर, २ वाजताची १ वाजून ५८ मिनिटे ७.५ सेकंदांवर आणि ३ ची मात्र बरोबर ३ वर दिसत होती, कारण तीन तासांत नेमके ३२ कण बसतात. त्यामुळे दर तीन तासांच्या आकड्यांत दोष दिसत नाही आणि ताशी आकड्यांत दिसतो. तासानुसार गट पाडले तर १ च्या तासात दोन नोंदी जमा होतात आणि २ चा तास रिकामा राहतो. उपाय सोपा आहे: वेळ पूर्णांकात, तासांत किंवा सेकंदांत साठवावी.


बिनचूक

वेळेला जो उपाय सुचवला आहे, तोच रेखांशालाही लागू आहे. समान अंतराच्या ग्रिडमधील रेखांश ही मोजून आणलेली गोष्ट नसून गणती आहे, आणि गणती पूर्णांकात ठेवावी. ०.१ अंशाच्या या ग्रिडसाठी पहिला रेखांश ६६५ दशांश, एकूण ३३६, एवढेच खरे ज्ञान आहे. कोणत्याही स्तंभाचा रेखांश हवा असेल तर ६६५ मध्ये त्याचा क्रमांक मिळवावा आणि शेवटी एकदाच १० ने भागावे. ०.१ ने गुणू नये. ३ ला १० ने भागले की ०.३ ला सर्वांत जवळची संख्या मिळते, पण ३ ला ०.१ ने गुणले की ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ स्वतःच आधी चुकलेले असते. चौकोनाच्या मध्यावरचे रेखांश .०५ वर संपत असतील तर विसांशांत मोजावे. नियम तोच राहतो.

ग्रिब या हवामानाच्या फाइलींच्या साच्यात मूळ विचार हाच आहे: पहिला बिंदू, शेवटचा बिंदू, अंतर आणि संख्या पूर्णांकांत लिहायची. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत एकक अंशाचा सहस्रांश होता. पृथ्वीच्या प्रदक्षिणेचे १,२८० भाग केले तर अंतर ०.२८१२५ अंश येते, आणि सहस्रांशांत ते २८१ च लिहिता येते. २८१ ला १,२७९ ने गुणून शेवटचा बिंदू काढणाऱ्याची चूक ०.३२ अंश होते, म्हणजे एका अख्ख्या चौकोनाहून जास्त. दुसऱ्या आवृत्तीत एकक दशलक्षांश केले गेले, आणि २,८१,२५० पूर्णांकात सुखाने बसतात. म्हणजे पूर्णांकात लिहिले एवढ्याने भागत नाही, एककही ग्रिडला साजेसे निवडावे लागते.

एक इशारा मात्र देतो. हे सगळे करण्यापूर्वी दोन्ही फाइलींत रेखांश चौकोनाच्या कडेचा आहे की मध्याचा, हे आधी तपासावे. तो घोळ अर्ध्या चौकोनाचा, म्हणजे पाच किलोमीटरचा असतो, आणि ‘राउंडिंगमुळे असेल’ म्हणून लोक तो खपवून घेतात. राउंडिंगवर एवढा आळ घेऊ नये.


गोदाकाठ

सर्वांचे आभार. दोन्ही फाइलींत रेखांश कडेचाच आहे, हे पुन्हा तपासले. त्यानंतर दोन्हींचे अक्षांश-रेखांश १० ने गुणून जवळच्या पूर्णांकावर आणले आणि त्या पूर्णांकांवरच जुळणी केली. वजाबाकीत आता ३३६ स्तंभ आणि ३२१ ओळी येतात.

गावाचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही, कारण गाव नेमके कडेवर असेल तर ते कोणत्या चौकोनात घालायचे हे गणित सांगू शकत नाही. म्हणून ते ७३.८ आले कोठून याचा शोध घेतला. जुन्या यादीत कोणीतरी गावाचे रेखांश एकाच दशांश स्थळापर्यंत लिहून ठेवले होते. काल संध्याकाळी त्या गावातील एका बागायतदाराने बांधावर उभे राहून मोबाइलवरून मोजणी पाठवली: ७३.८२३. यादीतील आकड्यापेक्षा गाव सुमारे २.४ किलोमीटर पूर्वेला आहे. ते ७३ क्रमांकाच्या चौकोनात येते, आणि आता दोन्ही संगणक तेच सांगतात. यादीत एकाच दशांश स्थळाची आणखी ११ गावे सापडली आहेत. रविवारी निफाडच्या बाजूने सुरुवात करणार आहोत.